पेन ड्राइव्ह लिनक्सवर उघडत नसेल तर: फॉरमॅट मारण्याआधी काय तपासावे

पेन ड्राइव्ह लावूनही पडद्यावर काही दिसले नाही, की ‘फॉरमॅट मारून टाका’ हा सल्ला लगेच मिळतो. उबुंटू किंवा लिनक्स मिंट वापरणाऱ्याने तो इतक्या घाईने मानू नये. बिघाड जोडणीत आहे, पार्टिशनमध्ये (डिस्कवरच्या जागेच्या कप्प्यात) आहे की फाइल सिस्टिममध्ये (फाइल मांडून ठेवण्याच्या पद्धतीत), हे लिनक्स स्वतःच सांगते आणि त्यातल्या बऱ्याच बिघाडांत आतला मजकूर शाबूत असतो.

सोलापुरात याची गरज रोजची आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीचे किंवा टॉवेलचे डिझाइन एका संगणकावर तयार होते आणि पेन ड्राइव्हवरून जकार्डपर्यंत, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रापर्यंत, पोहोचते. विद्यार्थी प्रकल्पाचा अहवाल घरच्या लिनक्सवर लिहून छपाईसाठी झेरॉक्सच्या दुकानात नेतात, जिथे बहुधा विंडोज असते. या ये-जा करण्यात कुठेतरी ‘इजेक्ट’ न करता पेन ड्राइव्ह उपसला जातो किंवा कॉपी चालू असतानाच वीज जाते, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच सापडते.

सुरुवात जोडणीपासून करावी. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट वापरावा आणि मध्ये हब असेल तर तो काढावा. त्यानंतर टर्मिनल उघडून ‘सुडो’ हा शब्द, पुढे डी-एम-ई-एस-जी ही पाच अक्षरे सलग, आणि त्यापुढे जागा सोडून वजाचिन्ह व डब्ल्यू, असा आदेश लहान इंग्रजी अक्षरांत द्यावा. आता पेन ड्राइव्ह काढून पुन्हा लावला की कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश एकेक करून उमटतात. ‘न्यू यूएसबी डिव्हाइस फाउंड’ ही ओळ आली आणि शेवटी ‘एसडीबी १’ यासारखे नाव दिसले, तर जोडणी ठीक आहे. त्याऐवजी ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड’ या शब्दांसोबत उणे ७१ किंवा उणे ११० हा एरर क्रमांक येत राहिला, तर पेन ड्राइव्ह आणि संगणक यांचे बोलणेच पूर्ण होत नाही. अशा वेळी दुसरा पोर्ट आणि दुसरा संगणक वापरून पाहावा, आणि तिथेही हेच घडले तर दोष पेन ड्राइव्हच्या सर्किटमध्ये आहे असे समजावे. काहीच उमटले नाही, तरीही निष्कर्ष तोच. नाव दिसते पण ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममध्ये ‘नो मीडिया’ असे लिहून येते, याचा अर्थ कंट्रोलर (पेन ड्राइव्ह चालवणारी चिप) जिवंत आहे, मात्र मेमरी चिपशी त्याचा संपर्क तुटला आहे. फॉरमॅटने यातले काहीही सुधारत नाही.

जोडणी ठीक असेल, तर एल-एस-बी-एल-के हा आदेश वजाचिन्ह व एफ जोडून द्यावा. प्रत्येक पार्टिशनची फाइल सिस्टिम, लेबल आणि ते कुठे माउंट झाले आहे (कोणत्या फोल्डरात उघडले आहे), हे त्यात दिसते. येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. पेन ड्राइव्हचे नाव नेहमी ‘एसडीबी’च असेल असे धरून चालू नये, कारण एनव्हीएमई (नव्या, वेगवान प्रकारची) डिस्क असलेल्या लॅपटॉपवर ते ‘एसडीए’ही असू शकते. तोच आदेश एफ न जोडता देऊन दिसणाऱ्या आकारावरून खात्री करून घ्यावी, आणि ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह सुमारे २९ इतकाच दिसला तर ते मोजण्याच्या पद्धतीमुळे आहे, हे लक्षात ठेवावे.

फाइल उघडते पण सेव्ह होत नाही, ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार. पेन ड्राइव्हची फाइल सिस्टिम फॅट ३२ असेल तर ‘व्हॉल्यूम वॉज नॉट प्रॉपर्ली अनमाउंटेड’ असा संदेश कर्नल देतो. दुरुस्तीआधी मजकूर दुसरीकडे कॉपी करावा. कॉपी मध्येच अडकत असेल तर ‘डिस्क्स’च्या मेनूतून ‘क्रिएट डिस्क इमेज’ निवडून संपूर्ण प्रतिमा काढून ठेवावी. मग पार्टिशन अनमाउंट करावे, दातेरी चाकाच्या चिन्हावर क्लिक करून आधी ‘चेक फाइलसिस्टिम’ आणि मगच ‘रिपेअर फाइलसिस्टिम’ वापरावे. माउंट असलेल्या पार्टिशनवर दुरुस्ती कधीही चालवू नये. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिमच्या बाबतीत मात्र लिनक्सवरची दुरुस्ती अपुरी पडते, म्हणून विंडोजमधली ‘चेकडिस्क’ हीच माझी पहिली पसंती आहे. कर्नलने ‘राइट प्रोटेक्ट इज ऑन’ असे लिहिले आणि पेन ड्राइव्हला बाजूचे कुलूपबटण नसेल, तर झिजलेल्या चिपमुळे कंट्रोलरने लिहिणे कायमचे थांबवलेले असण्याची शक्यता मोठी आहे. मजकूर काढून घ्यावा आणि तो पेन ड्राइव्ह बाजूला ठेवावा.

दुकानातून परत आलेल्या पेन ड्राइव्हवर विंडोजमध्ये फोल्डरांऐवजी नुसते शॉर्टकट दिसत असतील, तर घाबरून काही पुसू नये. तो व्हायरस मूळ फोल्डर फक्त लपवतो. विंडोजची ही लपवण्याची खूण लिनक्स सहसा जुमानत नाही, त्यामुळे मूळ फोल्डर येथे सरळ दिसतात. कधी ते नाव नसलेल्या एखाद्या फोल्डरात हलवलेले असतात. आपल्या फाइल बाहेर काढून घ्याव्यात, आणि ‘एलएनके’ व ‘व्हीबीएस’ने संपणाऱ्या फाइल न उघडता पुसाव्यात.

फाइल पुसूनही जागा रिकामी होत नसेल, तर कंट्रोल आणि एच दाबून लपलेल्या गोष्टी पाहाव्यात. पुसलेल्या फाइल पेन ड्राइव्हवरच ‘ट्रॅश’ने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरात पडून राहतात, आणि कचरापेटी रिकामी केल्याशिवाय त्या जात नाहीत.

मजकूर सुरक्षित झाल्यावरच फॉरमॅटचा विचार करावा. यंत्रावर, टीव्हीवर किंवा गाडीच्या म्युझिक प्लेअरवर लावायचा असेल तर फॅट ३२ सर्वांत निर्धोक. फक्त तिच्यात ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही. मोठ्या फाइल विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे न्यायच्या असतील तर एक्सफॅट ही फाइल सिस्टिम घ्यावी, जिचे सध्याचे ड्रायव्हर २०२० मधील लिनक्स कर्नल ५.७ पासून कर्नलमध्येच आहे. फॉरमॅटनंतरही मोठ्या फाइल बिघडत असतील, तर पेन ड्राइव्हवर छापलेली क्षमताच खोटी असू शकते. ती तपासण्यासाठी ‘एफ ३’ हा मुक्त प्रोग्रॅम आहे. तो सगळी जागा भरून पुन्हा वाचतो आणि खरी क्षमता किती आहे ते सांगतो.