ग्राफिक्स कार्डाचा घोंघाट कमी करायचाय? पंखा बदलण्याआधी हे करा

ऐरोलीत मे महिन्यात रात्रीही खोली ३० अंशांच्या खाली येत नाही, आणि शेजारी बाळ झोपलेलं असताना कार्डाचे पंखे मिक्सरसारखे घुमतात. पंख्यांचा वेग नुसता कमी केलात तर कार्ड तापेल. आधी उष्णताच कमी करा.

एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतं. त्यात पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने किती वीज खेचायची ती मर्यादा, १०० टक्क्यांवरून ८० वर आणा. वीज २० टक्के कमी झाली, तरी गेमचा वेग सहसा त्याहून बराच कमी घटतो, कारण शेवटच्या थोड्या वेगासाठी चिपला व्होल्टेज फार चढवावं लागतं. मग फॅन कर्व्ह (कार्ड किती तापलं की पंखे किती वेगाने फिरायचे, तो आलेख) सपाट करा: ६० अंशांपर्यंत पंखे संथ, पुढे हळूहळू चढते. उड्या नकोत, कानाला खुपतो तो सतत बदलणारा आवाजच.

आणि धूळ! आमच्याकडे दमट हवेत ती पात्यांना चिकटून बसते. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशने झाडा. ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.