विकिपीडियावर कॉपीराइटवाल्या फोटोवरून वाद घालायचा तर कसा घालायचा

पहिले हे पाहा की फाईल टाकलीय कुठं. कॉमन्स म्हणजे सगळ्या भाषांच्या विकींचं सामाईक गोदाम, २००४ पासूनचं, अन् तिथं कॉपीराइटवालं चित्र चालतच नाही, फेअर यूजच्या (परवानगी न घेता कायद्यानं चालणारा मर्यादित वापर) नावानं पण नाही. त्यामुळे तिथं जाऊन "लेखाला शोभा येते" म्हणून काही होत नाही, तिथं वाद एवढाच की फाईल मुक्त, म्हणजे कोणालाही वापरायला-बदलायला मोकळी, आहे का नाही. मात्र एकेका भाषेच्या विकीला आपला अपवादाचा नियम करता येतो, विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं २००७ च्या मार्चमध्ये तसा ठराव केला. इंग्रजीवाल्यांनी दहा अटी घालून नियम केला, जर्मन अन् स्पॅनिशवाल्यांनी सरळ नको म्हटलं. म्हणून "इंग्रजी विकीवर आहे ना भाऊ, मग इथं काहून नाही" हे टाइप करून राह्यले असाल तर थांबा, ते ऐकून ऐकून प्रचालक (विकीचे ॲडमिन) लोकांचे कान किटलेत.

आता ज्या विकीवर अपवाद चालतो तिथं वाद कसा घालायचा. मुख्य अट एकच धरा, बाकीच्या तिच्याच मागं येतात: मुक्त चित्र मिळू शकतं का? आज मिळालं नाही हे पुरत नाही, कोणी काढू शकतं का हे पाहतात. माणूस जिवंत असला की खेळ बहुतेक तिथंच संपला, त्या ठरावातच जिवंत माणसांच्या फोटोंचं उदाहरण दिलंय. नागपूरचा एखादा नट, आमदार, क्रिकेटवाला, तो जाहीर कार्यक्रमाला येतोच, कोणीतरी मोबाईलवर फोटो काढून टाकू शकतं. इथं "पण त्याचा तो जुना फोटो किती भारी आहे" म्हणणारे हमखास भेटतात, त्यांच्याशी जास्त वेळ घालवू नका.

माणूस वारलेला असला, पुस्तकाचं मुखपृष्ठ असलं, सिनेमाचं पोस्टर असलं, तं मामला वेगळा. मी स्वतः इथं "ठेवा" च्या बाजूचा आहे, कारण मराठीत आधीच चित्रांची बोंब आहे अन् गेलेल्या लेखकाचा चेहरा लेखात असावा असं मला वाटतं. पण मग मेहनत करा बाप्पा! चित्र लहान करून टाका (इंग्रजीवर साधारण एक लाख पिक्सेल म्हणजे बास, याचा अर्थ ३२० गुणिले ३१० च्या आसपास), आधी कुठं छापलं होतं ते लिहा, हक्क कोणाचा ते लिहा, अन् ज्या लेखात वापरता त्या प्रत्येकासाठी वेगळं कारण लिहा. सजावट म्हणून यादीत, सदस्यपानावर, साच्यात (टेम्प्लेटमध्ये) टाकलं तं उडणारच.

कायद्याचं बोलायचं तं नीट बोला. "शैक्षणिक वापर आहे" हे जादूचं वाक्य नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, त्यात फेअर डीलिंग ठरावीक कामांसाठी आहे, खाजगी वापर अन् संशोधन, टीका-समीक्षण, चालू घडामोडींची बातमी. अमेरिकेतलं फेअर यूज यापेक्षा सैल, तिथं चार गोष्टी तोलून ठरवतात. दोन्हीची खिचडी करून कोणी चर्चापानावर लिहिलं की समोरचा लगेच पकडतो अन् मग तुमचा चांगला मुद्दा पण वाहून जातो.

नागपूरकरांना एक उदाहरण फार कामाचं आहे, दीक्षाभूमी, १४ ऑक्टोबर १९५६. समजा त्या दिवसाचा एखादा फोटो त्याच वर्षी छापला होता. भारतात आता फोटोचा कॉपीराइट छापल्यापासून ६० वर्षं असला तरी १९५८ च्या आधी काढलेल्या फोटोंना १९११ चा जुना कायदा लागतो, काढल्यापासून ५० वर्षं, म्हणजे २००६ मध्ये कॉपीराइट संपला. लोकं इथं खुश होऊन कॉमन्सवर टाकतात. पण कॉमन्स दोन ठिकाणचं पाहतं, चित्र ज्या देशातलं तिथलं पण अन् अमेरिकेचं पण. अमेरिकेनं १ जानेवारी १९९६ ला परदेशी चित्रांचे असे कॉपीराइट परत जिवंत केले जे त्या तारखेला मायदेशी चालू होते, अन् १९९६ मध्ये या फोटोचा तो चालू होता, त्यामुळे तिकडं ९५ वर्षं, म्हणजे २०५१ अखेरपर्यंत. २०१२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं पण हा कायदा कायम ठेवला. हे पटत नाही तरी माहीत असू द्या, नाही तं "आमच्या देशात मुक्त आहे" म्हणून तुम्ही ओरडत राहाल अन् समोरचा फक्त तारीख दाखवेल. अशी फाईल कॉमन्सवर अडली तं वाद तिकडं वाढवण्यापेक्षा मराठी विकीच्या चावडीवर (सगळ्यांच्या चर्चेचं पान) येऊन तसा स्थानिक अपवाद आहे का अन् फाईल त्यात बसते का ते विचारलेलं बरं.

परवानगीच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ. फोटोग्राफरनं व्हॉट्सॲपवर "वापरा ना" म्हटलं, ते पुरत नाही, कारण ती फक्त तुम्हाला दिलेली परवानगी झाली. कॉमन्सला असं पाह्यजे की कोणीही, धंद्यासाठी पण, बदल करून पण वापरू शकेल, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी बाय किंवा सीसी बाय-एसए सारखा परवाना. "फक्त विकीसाठी" किंवा "धंद्यासाठी नाही" असं लिहिलं की झालं रद्द. हक्कवाल्यानं स्वतः ईमेल करायचा, तो स्वयंसेवकांची व्हीआरटी टीम तपासते.

अन् हक्कवाला कोण? फोटोत दिसणारा माणूस नाही, बहुतेक वेळा काढणारा. पण कलम १७ मध्ये एक गंमत आहे जी वादात कोणी काढतच नाही: पैसे देऊन कोणी फोटो काढून घेतला असेल अन् वेगळा करार नसेल तं पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे वारलेल्या एखाद्या कवीनं सीताबर्डीच्या स्टुडिओत स्वतः पैसे देऊन काढून घेतलेला फोटो असेल तं वारसदार परवाना देऊ शकतात. मुलाला-सुनेला एक फोन करून विचारा, अपवादाचं भांडण करायचीच गरज राहणार नाही.

पुतळे अन् इमारतींबद्दल घाबरू नका, सार्वजनिक जागी कायमचा बसवलेला पुतळा असेल तं कलम ५२ नुसार त्याचा फोटो काढून छापता येतो, इमारतीचा पण. अंबाझरीचा विवेकानंदांचा पुतळा काढा, विधानभवन काढा, टाका. फक्त भिंतीवर रंगवलेलं चित्र त्याच्यात धरत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.

फाईल वगळायच्या चर्चेत मत लिहिताना छोटं लिहा अन् अट सांगून लिहा. जसं की, "वगळा. व्यक्ती हयात आहे, नागपुरात कार्यक्रमांना येते, मुक्त फोटो काढता येतो." किंवा "ठेवा. लेखिका वारल्या, कॉमन्सवर शोधलं, कुटुंबाला विचारलं, मुक्त चित्र मिळालं नाही, आकार कमी केलाय, एकाच लेखात आहे." नुसतं "ठेवा ठेवा" म्हणून दहा मित्रांना घेऊन आले तं उलट होतं, तिथं डोकी मोजत नाहीत, कारणं पाहतात. कॉमन्सवर वगळायच्या विनंतीची चर्चा साधारण सात दिवस चालते, पहिल्याच दिवशी सगळं दारूगोळा संपवू नका.

अन् फाईल वगळलीच तं नाव बदलून परत टाकू नका, त्याच्यानं खातंच बंद होऊ शकतं. परवानगी नंतर मिळाली तं फाईल परत आणायची विनंती करायची वेगळी जागा आहे, तिथं जुन्या चर्चेचा दुवा देऊन नवीन काय मिळालं ते दोन ओळीत लिहा.