रात्री सारखं लघवीला उठावं लागतं? या चुका टाळा

आप्पा संध्याकाळी सहानंतर पाण्याला शिवत नसत, तरी रात्री चारदा उठायचे. एकदा त्यांचे मोजे काढताना पोटरीवर इलॅस्टिकचा खोल वळ दिसला. घोट्याच्या वर अंगठा दाबला, तर खळगा बराच वेळ तसाच राहिला. पाणी तिथे साठलं होतं.

मूत्रपिंडाला दिवस-रात्र कळते. दिवसा रक्त जास्त गाळलं जातं, सोडियम-पोटॅशियम जास्त बाहेर पडतं. रात्री हे काम मंदावतं आणि व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक पाणी धरून ठेवतं, म्हणून सकाळची पहिली लघवी गडद असते. वयानुसार हा फरक पुसट होत जातो. शिवाय दिवसभर पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि मूत्रपिंड ते रात्रीच बाहेर काढतं.

म्हणून दिवसभर पाणी तोडणं ही पहिली चूक. उन्हाळ्यात तर ते धोक्याचंच. पाणी दिवसा प्या, झोपण्याआधीचे दोन तास कमी करा. पाय सुजत असतील तर संध्याकाळी तासभर उशीवर उंच ठेवून पडा. ते पाणी झोपेआधीच निघून जाऊ द्या.

दुसरी चूक ताटात असते. पाणी मोजणारी माणसं रात्रीच्या खिचडीसोबत पापड, लोणचं बिनदिक्कत खातात. जास्तीचं मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडाला पाणी लागतंच. दिवसभराचं सगळं मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा.

लघवी वाढवणारी गोळी रात्री घेत असाल तर वेळ डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बदलू नका, बंद तर मुळीच करू नका.

लघवीची नोंद ठेवतानाही एक चूक हमखास होते. मोजपात्र घेऊन तीन दिवस लिहा, पण सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रीच्या खात्यात धरा, कारण ती रात्रभर साठलेली असते. ती दिवसात गेली की सगळा हिशेब फसतो. पासष्टीपुढच्या माणसाची रात्रीची लघवी २४ तासांच्या एक तृतीयांशाहून जास्त भरली, तर ‘वय झालं, प्रोस्टेट असेल’ म्हणून सोडून देऊ नका. मधुमेह, हृदयाचा अशक्तपणा, झोपेत श्वास अडकणं, काहीही असू शकतं. सुजेबरोबर धाप लागत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आप्पांच्या वहीत १६०० मिलीपैकी ७०० रात्रीचे निघाले. डॉक्टरांनी वही वाचली आणि आधी त्यांचे मोजे काढायला सांगितले.