नेटवर्कवर उपकरणांची नावे चुकीची दिसत आहेत? या चुका टाळा

नारायण पेठेतील एका सीएंच्या कार्यालयात मार्चअखेरीच्या ऐन घाईत एक विचित्र तक्रार सुरू झाली. प्रिंटरवर स्कॅन केलेले कागद कधी योग्य टेबलावरच्या संगणकात जात, तर कधी पलीकडच्या. चारही संगणक वापरलेले म्हणून एकदमच घेतले होते, आणि विक्रेत्याने एकावर विंडोज बसवून त्याच डिस्कची नक्कल उरलेल्या तिघांवर उतरवली होती. पुढे कोणीतरी दोघांची नावे बदलली. उरलेले दोन मात्र ‘ऑफिस-पीसी’ या एकाच नावाने नांदत राहिले. एकाच नावाचे दोन संगणक असल्याचा इशारा विंडोजने दिलाही होता, पण आपल्याकडे असे इशारे वाचण्याआधीच बंद करण्याची पद्धत आहे.

मी पोहोचण्यापूर्वी तेथील एका सहकाऱ्याने राउटरच्या सेटिंगचे पान उघडून त्या दोन संगणकांना ‘टेबल १’ आणि ‘टेबल २’ अशी नावे दिली होती. तेथील उपकरणांची यादी स्वच्छ दिसू लागली, स्कॅन मात्र पूर्वीसारखेच भरकटत राहिले. चुकीचे नाव जेथे दिसते तेथेच ते दुरुस्त करणे ही सर्वांत पहिली आणि सर्वांत महाग चूक आहे. राउटरच्या पानावर आपण लिहिलेले नाव ही बहुतेक घरगुती राउटरांमध्ये केवळ त्या पानावरची चिठ्ठी असते. संगणकाला तिचा पत्ताही नसतो आणि प्रिंटर ती वाचत नाही.

नाव एकाच ठिकाणी राहत नाही, हे लक्षात घेतले की निम्मा गोंधळ उलगडतो. उपकरण नेटवर्कला जोडले जाते तेव्हा ते राउटरकडे आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) मागते आणि त्या विनंतीत स्वतःचे नाव सांगते. राउटर ते नाव पत्त्याच्या मुदतीसह आपल्या डीएचसीपी यादीत, म्हणजे वाटलेल्या पत्त्यांच्या यादीत, टिपून ठेवतो. नाव सांगणे ऐच्छिक असल्यामुळे काही उपकरणे गप्प राहतात आणि यादीत ‘अननोन’ म्हणून उमटतात. दुसरीकडे विंडोजचे संगणक नेटबायोस या जुन्या पद्धतीने एकमेकांना हाक मारू शकतात, तर मॅक, आयफोन आणि बहुतेक नवे प्रिंटर एमडीएनएस वापरतात, ज्यात नावाच्या शेवटी ‘डॉट लोकल’ लागते आणि ज्याचे नाव पुकारले तोच थेट उत्तर देतो. म्हणजे एकाच संगणकाची नावे तीन-चार नोंदवह्यांत असतात, आणि त्यांतली एक शिळी झाली तरी बाकीच्या बरोबर असू शकतात. कोणती नोंदवही चुकते आहे हे ठरवल्याशिवाय कशालाही हात लावू नये.

हे ठरवायचे तर नावावर नव्हे, मॅक पत्त्यावर, म्हणजे नेटवर्क चिपला कारखान्यातच मिळालेल्या क्रमांकावर, भिस्त ठेवावी लागते (ॲपलच्या मॅकशी त्याचा संबंध नाही). विंडोजच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ ही आज्ञा (अर्थात रोमन लिपीत) दिली की त्याचे खरे होस्टनेम (संगणकाने स्वतःला लावलेले नाव), आयपी पत्ता आणि मॅक पत्ता एकत्र दिसतात. हे तिन्ही कागदावर उतरवून राउटरच्या यादीशी ताडून पाहावे. मॅक पत्ता जुळतो पण नाव जुळत नाही, तर राउटरची नोंद शिळी आहे किंवा कोणीतरी हाताने लिहिलेली आहे. मॅक पत्ताच जुळत नाही, तर आपण भलत्याच उपकरणाकडे पाहत आहोत.

फोनच्या बाबतीत येथे एक खाच आहे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन वाय-फायला जोडताना आपला मूळ मॅक पत्ता न देता बनावट, यादृच्छिक पत्ता देतात. त्यामुळे आपण राउटरमध्ये ‘आईचा फोन’ असे लिहिलेले नाव जुन्या पत्त्यालाच चिकटून राहते आणि तोच फोन नेटवर्क विसरून पुन्हा जोडला की कधी कधी नवा पाहुणा म्हणून दिसतो. असा पत्ता ओळखणे सोपे आहे: त्याचे दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असते. घरच्या नेटवर्कपुरती ही सोय फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये बंद करता येते.

अनोळखी नाव दिसताच घाबरून जाण्याची चूक मी स्वतः केली आहे. कोथरूडच्या घरी राउटरच्या यादीत एकदा ‘एस्प्रेसिफ’ असे अनोळखी नाव दिसले, आणि शेजारचे कोणी आपले वाय-फाय वापरत आहे अशा पक्क्या समजुतीने मी तडकाफडकी पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी गीझर सुरूच झाला नाही. मॅक पत्त्याच्या ४८ बिटांपैकी पहिले २४ बिट सहसा नेटवर्क चिपच्या किंवा मॉड्यूलच्या उत्पादकाचे असतात, आणि उपकरणाने नाव सांगितले नाही की अनेक राउटर त्यावरूनच अंदाज बांधतात. ती चिप माझ्याच गीझरच्या स्मार्ट प्लगमध्ये होती. अनोळखी नाव दिसले तर आधी घरातली उपकरणे एकेक करून बंद करावीत आणि यादीतून कोण गळते ते पाहावे.

नाव ठेवतानाही चुका होतात. नेटबायोसमध्ये नावासाठी १५ च अक्षरे मिळतात, सोळावी जागा सेवेच्या खुणेसाठी राखीव असते. ‘सदाशिवपेठ-अकाउंट्स-१’ आणि ‘सदाशिवपेठ-अकाउंट्स-२’ ही नावे रोमन लिपीत लिहिली तर शेपूट कापल्यावर दोन्ही अगदी सारखी उरतात. म्हणून वेगळेपणा नावाच्या सुरुवातीला आणावा, आणि केवळ इंग्रजी अक्षरे, अंक व जोडरेघ वापरावी; मोकळी जागा, अंडरस्कोर आणि देवनागरी टाळलेली बरी. ॲपलच्या मॅक संगणकाच्या नावापुढे आपोआप ‘२’ लागत असेल, तर त्या नावाचे दुसरे उत्तर नेटवर्कवर कोठून तरी येत आहे. ते न शोधता नुसता आकडा पुसला तर तो परत येतो.

दुरुस्तीचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम नाव उपकरणातच बदलावे आणि ते पुन्हा सुरू करावे, कारण विंडोजमध्ये नवे नाव त्यानंतरच लागू होते. मग राउटरमधली जुनी नोंद व हाताने लिहिलेले नाव काढावे, आणि शेवटी इतर संगणकांच्या स्मृतीत राहिलेली नावे ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ आणि ‘एनबीटीस्टॅट -आर’ (यातला आर कॅपिटल) या आज्ञांनी पुसावीत. तरीही एकाच संगणकाला चुकीचे उत्तर मिळत असेल, तर त्याच्या होस्ट्स फाइलमध्ये (नावे व पत्ते हाताने लिहून ठेवण्याची फाइल) कोणीतरी पूर्वी लिहून ठेवलेली ओळ शोधावी. इंटरनेट कंपनीचा आणि स्वतःचा असे दोन्ही राउटर आयपी पत्ते वाटून देत असतील, तर कोणतीही एक यादी पूर्ण नसते. एकाचे डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम, बंद करावे.

नारायण पेठेत दोन्ही संगणकांना निरनिराळी नावे देऊन हा क्रम पार पाडला, तेव्हा यादी, होस्टनेम आणि मॅक पत्ते सारे जुळले, आणि स्कॅन मात्र कोठेच जाईना. प्रिंटरच्या पत्तेवहीत फोल्डरचा मार्ग अजून ‘ऑफिस-पीसी’ याच नावाने लिहिलेला होता. ती नोंद प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर एकेक अक्षर दाबत बदलायला पंधरा मिनिटे लागली, आणि त्यानंतरचा पहिला कागद योग्य टेबलावर पोहोचला.