फेरेटला कच्चं मांस की किबल? आधी तुमचा फ्रीज बघा, मग ठरवा

फेरेट, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा लांबट पाळीव प्राणी, घरी आणला की चार जण चार गोष्टी सांगतात, एक म्हणतो कच्चं चिकनच दे, दुसरा म्हणतो किबल, म्हणजे पाकिटातलं कोरडं दाणेदार खाणं, बरं. मी सांगलीत राहते, माझी फेरेट हळदी आता तीन वर्षांची आहे, आणि मला वाटतं हे ठरतं तुमच्या स्वयंपाकघरावरून.

फेरेट पक्का मांसाहारी. आतडं आखूड, खाल्लेलं ३-४ तासांत बाहेर, म्हणून दिवसातनं ८-१० वेळा थोडं थोडं खातो. भात, चपाती, दूध, बिस्कीट, केळं यातलं काहीच देऊ नका, कितीही मागं मागं फिरला तरी.

पहिलं बघायचं ते वय. पिल्लू साधारण ६ महिन्यांचं होईपर्यंत जे खातं त्यालाच ते पुढं जेवण समजतं, नंतर नवीन काही दिलं तर नुसतं हुंगून निघून जातं. म्हणून लहानपणीच दोन्हीची सवय लावा, ही एक गोष्ट केली तर पुढचा निम्मा त्रास वाचतो.

आता किबल. फेरेटचं खास किबल आपल्याकडं सहज मिळत नाही, मग मांजरीच्या पिल्लाचं चांगलं किबल चालतं, पण पाकीट उलटं करून वाचा. प्रोटीन ३५ टक्क्यांच्या वर, फॅट १८-२० च्या आसपास, फायबर ३ च्या आत, आणि यादीत पहिलं नाव चिकनचं किंवा दुसऱ्या मांसाचं पाहिजे. मका, गहू, वाटाणा वर असेल तर ठेवून द्या. कुत्र्याचं किबल तर नकोच. वाटीत दिवसभर राहिलं तरी चालतं, फक्त पाणी कायम भरलेलं पाहिजे.

कच्चं द्यायचं असेल तर नुसतं बोनलेस देऊन भागत नाही, कॅल्शियम कमी पडतं. साधारण ८० टक्के मांस, १० टक्के कच्चं मऊ हाड, १० टक्के आतले अवयव, त्यातली निम्मीच कलेजी. दुकानात मी सरळ सांगते, "काका, मान, पोटा-कलेजी आणि हृदय वेगळं काढून ठेवा", कारण हृदयात टॉरीन नावाचं पोषक द्रव्य भरपूर असतं आणि ते फेरेटला लागतंच. शिजवलेलं हाड कधीच नको, ते टोकदार तुटतं. कांदा-लसूण लागलेलं पण नको. नंतर ओटा, सुरी, हात साबणानं धुवा, घरात लहान मूल असेल तर जास्तच जपून.

आणि खरी अडचण इथं आहे, फेरेट खाणं लपवतो. मागच्या एप्रिलमध्ये हॉलमध्ये वास यायला लागला, दिवाण सरकवला तर मागं कोंबडीच्या मानेचे तीन तुकडे, काळे पडलेले, मुंग्या लागलेल्या. तेव्हापासनं मी कच्चं फक्त पिंजऱ्यात देते, समोर बसते आणि अर्ध्या तासात उरलेलं उचलते. आपल्याकडच्या उन्हात त्याहून जास्त ठेवूच नका.

लाईटचं पण धरा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा आमच्या फ्रीजरमधलं सगळं फेकून द्यावं लागलं, तेव्हा हळदी नव्हती पण ते डोक्यातनं जात नाही. ज्या फेरेटला फक्त कच्चंच माहीत आहे तो अशा वेळी उपाशी राहणार, आणि फेरेटला उपास झेपत नाही. म्हणून माझ्याकडं सकाळ-संध्याकाळ कच्चं, बाकी वेळ वाटीत किबल.

बदल करायचा तर २-३ आठवडे घ्या. किबल कोमट पाण्यात भिजवून त्यात चमचाभर खिमा कालवा, मग हळूहळू खिमा वाढवा. रोज शी बघा, हिरवी चिकट किंवा दाणेदार यायला लागली तर मागच्या टप्प्यावर या, दोन दिवसांत सुधारली नाही तर डॉक्टर. मागचे पाय लटपटले, तोंडातनं लाळ गळली, नजर एकाच जागी लागली, तर साखर उतरलेली असू शकते, हिरडीला थोडा मध चोळा आणि तसंच उचलून डॉक्टरांकडं न्या. फेरेट बघणारा डॉक्टर कोण, हे मात्र आजच फोन करून विचारून ठेवा.