खड्ड्यात आपटलेल्या चाकाची आतली कड आधी बघा

पावसाळ्यात फोंडा-पणजी रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्याला खड्डे चुकवायला कुणी शिकवायला नको. जमेल तेवढे आपण चुकवतोच. पण समोरून बस येते, खड्डा पाण्याने भरलेला असतो, खोली कळत नाही आणि धाडकन आवाज होतो. या रस्त्यावर माझे चौदा पावसाळे गेले. तेवढ्यात पाच रिम वाकल्या, त्यांतल्या दोन भंगारात द्याव्या लागल्या. चाक आपटल्यावर लोक जे सल्ले देतात, त्यांतला सगळ्यांत वाईट म्हणजे ‘बॅलन्सिंग करून घे, होईल ठीक’. बॅलन्सिंग म्हणजे रिमला छोटी वजनं लावून फिरत्या चाकाचा समतोल साधणं. या सल्ल्याने माझे दीड महिने आणि बरेच पैसे खाल्ले, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

जागेवर

आवाज मोठा झाला असेल तर जवळची सुरक्षित जागा बघून थांबा. टायर बसला असेल तर गाडी तशीच रेटू नका. हवा नसताना साइडवॉल, म्हणजे टायरची उभी बाजू, रिमखाली चिरडते आणि पंक्चरवर भागलं असतं तिथे टायर बदलावा लागतो. स्टेपनी लावा. ती मूळ चाकापेक्षा बारीक असेल तर तिच्यावर छापलेली वेगमर्यादा पाळा. निघण्यापूर्वी खड्ड्याचे आणि चाकाचे फोटो काढून ठेवा.

फुगा

टायरच्या दोन्ही बाजूंवरून तळहात फिरवा. रेडियल टायरच्या साइडवॉलमध्ये दोऱ्यांचा थर असतो. खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये टायर चिमटला की हे दोरे तुटतात, आणि तिथलं रबर हवेच्या दाबाने बाहेर येतं. याला दुरुस्ती नाही. आतून पॅच लावून देतो म्हणणाऱ्याच्या दुकानातून सरळ बाहेर पडा. फुगा लगेच दिसेलच असंही नाही. मला एकदा चौथ्या दिवशी दिसला, म्हणून आठवडाभर रोज सकाळी हात फिरवायचा. साइडवॉलवर बारीक खळगा दिसला तर घाबरू नका, तो बहुधा आतल्या थराच्या जोडाचा असतो. फुगून बाहेर आलेल्या भागाला मात्र माफी नाही.

आतली कड

मी अडकलो तो इथे. २०१६ च्या जुलैत याच रस्त्यावर बाणस्तारीच्या अलीकडे डावं पुढचं चाक आपटलं. बाहेरून रिमवर ओरखडा नाही, टायर धड. दोन दिवसांनी ताशी सत्तरच्या आसपास स्टिअरिंग थरथरू लागलं. टायरवाल्याने बॅलन्सिंग करून वजनं चिकटवली. थरथर कमी झाली, पण गेली नाही. पुन्हा गेलो, पुन्हा वजनं. तिसऱ्या वेळी अलाइनमेंटही (चाकांचे कोन जुळवणं) करून घेतली. शिवाय दर चार-पाच दिवसांनी त्याच चाकाची हवा उतरलेली असे. शेवटी गणेश चवथीच्या आदल्या दिवशी दुसऱ्या एका दुकानातल्या वयस्क कारागिराने चाक काढून उलटं ठेवलं, आतल्या कडेवरचा चिखल पुसला आणि बोट ठेवलं. ‘बाब, हें पळयात.’ बोटभर लांबीत कड तीन-चार मिलिमीटर आत दबली होती.

हे असंच का होतं ते कळलं की पुन्हा कुणी फसवू शकत नाही. अलॉय, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, चाकाच्या आऱ्या बाहेरच्या अंगाला असतात, त्यामुळे बाहेरच्या कडेला त्यांचा आधार मिळतो. आतली कड पिंपाच्या तोंडासारखी मोकळी असते. मार बसला की तीच आधी वाकते, आणि नेमकी तीच गाडीखाली चिखलात दडलेली असते. बॅलन्सिंगचं नेहमीचं यंत्र वजनातला फरक मोजतं. वाकलेल्या चाकाला वजनं लावून समतोल आणता येतो, पण त्यामुळे ते गोल होत नाही. दुखणं तसंच राहतं, वर वजनांची रांग तेवढी वाढते.

तपासायचं ते बॅलन्सिंगच्या आधी. स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा पुढचं चाक, सीट थरथरत असेल तर मागचं. सपाट जागी हँडब्रेक लावा, गाडी न्यूट्रलला ठेवा, मागच्या चाकांना अटकाव लावा आणि पुढचं चाक जॅकवर उचला. पावसात अंगणाची माती जॅकखाली खचते, म्हणून खाली जाड फळी घ्या. जांभ्या दगडाचा चिरा नको, तो भाराखाली फुटतो. स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवा, जॅक घसरला तर गाडी तिच्यावर बसेल. गाडीखाली डोकं घालायचं नाही, आणि तशी गरजही नाही: स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाकाची आतली बाजू समोर येते. कड पुसून घ्या. लाकडी ठोकळ्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवा, त्याचं टोक कडेच्या अगदी जवळ पक्कं धरा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. टोक आणि कड यांच्यातलं अंतर जिथे बदलतं तिथे खडूने खूण करा. मिलिमीटरभर फरक मी सोडून देतो. दोन दिसला तर रिम वाकली आहे, मग कुणीही काहीही म्हणो.

मागचं चाक दुकानात न्या. यंत्रावर चढवायला सांगा आणि ते फिरत असताना आतल्या कडेकडे स्वतः बघा. दुकानदार घाई करील, तरी हटू नका. कड हलताना दिसली तर वजनं लावू देऊ नका.

हवा उतरत असेल तर टायर आणि रिमच्या सांध्यावर साबणाचं पाणी सोडा. बाक असलेल्या जागी बारीक फेस येतो. व्हॉल्व्हवरही सोडा, कधी दोष तिथेच असतो.

सरळ करायची की नवी घ्यायची

लोखंडी डिस्क, म्हणजे साधी लोखंडी रिम, असेल तर फार विचार नको. ती सरळ होते, आणि नवीही अलॉयच्या मानाने स्वस्त मिळते. अलॉयच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. फक्त आतल्या कडेला बाक आहे आणि तडा नाही, तर हायड्रॉलिक यंत्रावर सरळ करून घ्या, तीही एकदाच. तीच रिम दुसऱ्यांदा वाकली तर बदला. तडा असेल किंवा मार आरीपर्यंत पोचला असेल तर पहिल्याच खेपेला बदला.

‘वेल्डिंग मारून देतो’ हे ऐकू नका. अलॉय चाकाला कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया करून ताकद दिलेली असते. वेल्डिंगच्या आचेने भोवतालचा भाग पुन्हा मऊ पडतो. गॅसच्या ज्योतीवर तापवून हातोड्याने ठोकणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नका. लोखंड तापलं की लाल होतं, कारागिराला कळतं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि तोवर उजेडात लाल दिसतच नाही. किती तापलं हे त्या माणसाला कळायला मार्गच नसतो.

तडा नुसत्या नजरेला सापडेलच असं नाही. रिम धुऊन कोरडी करा, बाकावर डिझेल लावा, दहा मिनिटांनी स्वच्छ पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत मुरलेलं डिझेल वर येऊन पांढऱ्या पुडीवर केसासारखी ओली रेघ उमटते. हे सरळ करण्याआधी करा आणि सरळ केल्यावर पुन्हा करा. सरळ करताना धातू फाटल्याचं मी पाहिलं आहे. टायर चढवण्यापूर्वी ती जागा साबणाने धुवा.

बाकीचं

नवा व्हॉल्व्ह, मग बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट, याच क्रमाने. चाक निघालेलंच आहे तर चाकाला गाडीशी जोडणारे लोअर आर्म आणि बॉल जॉइंटही हलवून बघा. नट समोरासमोरचे आवळा, पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावा. हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा. पावसात पकड वाढते म्हणून हवा कमी ठेवणारे बरेच भेटतात. कमी हवेचा टायरच खड्ड्यात आधी चिमटतो. आणि खड्डा टळणार नाही असं दिसलं तर ब्रेक त्याच्या आधी मारा, चाक उतरायच्या क्षणी पाय उचला. दाबलेल्या ब्रेकने गाडीचं नाक खाली जातं आणि सगळा भार त्याच चाकावर येतो.

विम्याचं थोडक्यात: नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत नुसता टायर गेला तर काही मिळत नाही. त्याच वेळी गाडीचं इतर नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत मिळतं. रिमसाठी दावा करता येतो, पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये आपल्या खिशातून जातात आणि नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) बुडतो. एका रिमसाठी मी दावा करत नाही. दोन चाकं आणि लोअर आर्म एकदम गेले तर जरूर करा.

जागेवर काढलेले फोटो जोडून साबांखाच्या (सार्वजनिक बांधकाम खात्याच्या) तुमच्या भागातल्या कार्यालयात लेखी अर्जही द्या. गावातला आतला रस्ता असेल तर आधी पंचायतीत चौकशी करा. जवळचं देऊळ, बसथांबा किंवा किलोमीटरचा दगड अर्जात लिहा, म्हणजे खड्डा नेमका सापडतो. आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.