व्हिडिओ कन्व्हर्ट करण्याआधी फाइल किती जीबीची होईल, हे कसं काढायचं

"एमपी-फोर केलं की फाइल लहान होते" असा सल्ला देणाऱ्याला एकदा तीन तासांचं लग्न पेनड्राइव्हवर बसवायला लावलं पाहिजे. एमपी-फोर, एमकेव्ही ही नुसती कंटेनरची, म्हणजे चित्र आणि आवाज ठेवायच्या डब्यांची नावं. आत चित्र कोणत्या कोडेकने (दाबायच्या पद्धतीने) दाबलंय आणि किती दाबलंय, हे त्यावरून कळत नाही. आकार दोनच गोष्टींवर ठरतो: सेकंदाला किती डेटा जातो आणि व्हिडिओ किती सेकंदांचा आहे. सेकंदाचा तो डेटा म्हणजे बिटरेट.

फाइल मीडियाइन्फो या प्रोग्रॅममध्ये उघडा; कालावधी, कोडेक आणि बिटरेट लिहून घ्या. डीव्हीडी असेल तर तिच्यातले व्हीओबी फाइलींचे तुकडे सुटे उचलू नका, अख्खी डिस्क हँडब्रेक या कन्व्हर्ट करायच्या प्रोग्रॅमला द्या.

आता हिशेब. बिटरेट मेगाबिटमध्ये असतो, फाइल मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १ एमबीपीएसने (सेकंदाला १ मेगाबिट) तासभर चाललं तर ३६०० भागिले ८, म्हणजे ४५० एमबी. हा ४५० चा आकडा पाठ करून टाका, कॅल्क्युलेटरची वेबसाइट शोधावी लागणार नाही. ५ एमबीपीएसचे दोन तास म्हणजे ४५०० एमबी, ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर दोन तासांचं लग्न बसायचं ते यामुळेच. (तीच कोरी डिस्क विंडोज ४.३७ जीबी दाखवतं, कारण ते १००० ऐवजी १०२४ ने भागतं. दुकानदाराशी भांडू नका.) मिनीडीव्ही कॅसेटचं नुसतं चित्रच २५ एमबीपीएस, आवाज वगैरे धरून तासाला साधारण १३ जीबी.

खरी मेख पुढे आहे: बिटरेट ठेवायचा किती? मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला, कारण जो तो एकच ठरलेला आकडा सांगतो आणि असा आकडा नसतो.

पहिली गोष्ट, मूळ फाइलपेक्षा जास्त बिटरेट देऊन काहीही मिळत नाही. व्हीसीडीचं चित्र ११५० केबीपीएसचं, म्हणजे १.१५ एमबीपीएसचं. ते दहा हजारांवर नेलंत तर फाइल जवळपास नऊपट होईल, नवरीचा चेहरा तितकाच पुसट राहील. पाणी घातलेलं दूध मोठ्या पातेल्यात ओतून घट्ट होत नाही. 'एचडी करून देतो' म्हणणाऱ्यांना हे जरूर विचारा.

दुसरी, बिटरेट खातं ते हलणारं चित्र. स्टेजवर उभं राहून आहेर घेणाऱ्या जोडप्याला १ एमबीपीएसही पुरतो, कारण दोन फ्रेममध्ये फारसं काही बदलतच नाही. तेच मंगलाष्टकं संपून अक्षता पडायला लागल्या की हजारो पांढरे ठिपके वेगवेगळ्या दिशेने उडतात आणि कमी बिटरेटवर चित्राच्या चौकटी-चौकटी होतात. रंगपंचमीला नाशिकच्या तिवंध्याच्या रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) उड्या पडतानाचं शूटिंग तर त्याहून वाईट: उसळणारं रंगीत पाणी, गर्दी, हलता कॅमेरा. म्हणून चाचणी नेहमी अशाच मिनिटावर घ्यायची. सुरुवातीच्या गणपतीच्या फोटोवर चाचणी घेऊन 'मस्त आलंय' म्हणणारे नंतर अख्खं लग्न पुन्हा कन्व्हर्ट करत बसतात.

तिसरी, आधी ठरवा: आकार पक्का हवा की दर्जा? दोन्ही एकदम मिळत नाहीत. घरी जपून ठेवायचं असेल तर हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट क्वालिटी' निवडा. डीव्हीडीच्या चित्राला आरएफ (तिथला दर्जाचा आकडा) १८ ते २२. आकडा जितका कमी, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. आकार मात्र शेवटीच कळेल. मी बहुतेक वेळा हेच वापरतो.

पेनड्राइव्ह टीव्हीला लावायचा असेल तर गोष्ट वेगळी. तो फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा असला तरी पाच जीबीची फाइल चढत नाही, ती यामुळे. तेव्हा 'ॲव्हरेज बिटरेट' आणि मल्टी-पास (आधी अख्खा व्हिडिओ तपासून मग दाबणं) निवडून हिशेब उलटा करा. तीन तास गुणिले ४५० म्हणजे १३५०. ४ जीबीचे ४००० एमबी भागिले १३५० म्हणजे जवळपास २.९६ एमबीपीएस. त्यातून आवाजाचे १६० केबीपीएस वजा करा, थोडी जागा सोडा आणि चित्राला २७०० केबीपीएस द्या. डीव्हीडीच्या आकाराच्या चित्राला एच-२६४ या कोडेकमध्ये इतकं छान पुरतं.

एच-२६५ हा त्यापुढचा कोडेक घेतला तर साधारण निम्म्या बिटरेटमध्ये तसाच दर्जा मिळतो, पण आजीच्या खोलीतला जुना टीव्ही ते वाजवेलच असं नाही. नातेवाइकांना वाटायच्या फाइलला मी एच-२६४ च वापरतो.

जुन्या कॅसेटच्या चित्रात हालचालीला कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर डीइंटरलेस (त्या रेघा काढायची सोय) चालू करा. रिझोल्युशन वाढवू नका.

झालेली फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची तर २ जीबीच्या आत ठेवा आणि 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. 'व्हिडिओ' म्हणून पाठवलीत तर व्हॉट्सॲप ती पुन्हा दाबतं आणि वरचा सगळा हिशेब पाण्यात.